कुकडीकाठचे पाच ठसे

"मावशी, थांबा."

आरती दोन पावलं पुढं होती. ती अशी एकाएकी थबकली, की मागून पळत येणाऱ्या झुंबरबाई तिच्या पाठीवर आदळता आदळता राहिल्या.

सकाळचे सहा वाजून गेले होते. जुन्नरच्या कुकडीकाठी हा पळायचा ट्रॅक. तांबड्या मुरमाचा, एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला भगवंतशेठच्या लग्नाच्या लॉन्सचं कुंपण. गेटपासून जुन्या घाटापर्यंत जाऊन परत आलं की बरोबर आठशे मीटर. लॉन्सच्या फवाऱ्याचं पाणी कुंपणाखालून झिरपायचं, त्यामुळं मध्येच दहा-बारा पावलांचा चिखल बारमाही असायचा. आज त्या चिखलात ठसे होते.

एका रांगेत पाच ठसे. कडेच्या सिमेंटच्या कट्ट्यापासून हातभर अंतरावर. चार बोटं, मागं गादी, नखांचा पत्ता नाही. नखं न उमटणारं एवढं मोठं पाऊल कुणाचं, हे या तालुक्यात कुणी कुणाला शिकवत नाही.

"परत आला," आरती म्हणाली. तिच्या आवाजात भीतीपेक्षा वैताग जास्त होता.

झुंबरबाई खाली बसल्या. वय अठ्ठावन्न, अंगात साखर. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. चालायचा कंटाळा आला म्हणून बाई पळायला लागल्या. नेसत्या लुगड्याचा ओचा खोचून, पायात पोरांचे पांढरे कॅनव्हासचे बूट घालून. पहिला महिनाभर नदीकाठचं गाव हसलं. बाई त्याहून मोठ्यानं हसल्या आणि पळत राहिल्या. तीन वर्षांत त्यांच्या मागं अकरा बायका-पोरी झाल्या. लहानपण आणे गावच्या पठारावर बापाच्या शेळ्यांमागं गेलेलं. पावलं वाचायला त्या अक्षरांच्या आधी शिकल्या होत्या.

त्यांनी एका ठशाच्या कडेवरून बोट फिरवलं. कड गुळगुळीत होती. बोटाला काहीतरी काळपट लागलं. त्यांनी ते नाकाशी नेलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"फोटो काढ. पाचीचे. एक बी सोडू नको."

"कशाला? मागच्या दोन वेळेलाही..."

"मागच्या दोन वेळंला आपल्या आधी गर्दी पोचली व्हती. काढ म्हणते ना."

आरतीनं फोटो काढले. तेवढ्यात ट्रॅकचा राखणदार रामनाथ शिट्टी फुंकत आला. त्यानं शिरस्त्याप्रमाणं एका ठशावर घमेलं पालथं घातलं. वनखात्याचं माणूस येईपर्यंत ठसा शाबूत राहावा म्हणून इथं सगळे असंच करतात. उरलेले चार ठसे बिबट्या बघायला आलेल्या चाळीस माणसांनी तुडवून टाकले.

नऊ वाजता वनरक्षक वृषाली आल्या. घमेलं उचललं, टेप लावली, वहीत लिहिलं.

"ठसा खरा आहे," त्या म्हणाल्या. "पूर्ण वाढलेला बिबट्या. पंधरा दिवसांत तिसरी वेळ."

दुपारपर्यंत गेटला कुलूप लागलं. 'बिबट्याचा वावर आहे' असा फलक लागला. नदीच्या लव्हाळ्यात पिंजरा बसला आणि त्यात एक बापुडवाणी शेळी.

आरतीचं ग्राउंड नऊ दिवसांवर आलं होतं. पोलीस भरतीची मैदानी परीक्षा. आठशे मीटर दोन मिनिटं पन्नास सेकंदांत पळाली तर पूर्ण गुण. तिला दोन अठ्ठावन्न लागत होते. त्या आठ सेकंदांवर तिचं सगळं आयुष्य अडलेलं होतं, कारण वडिलांनी शब्द दिला होता तो फक्त या एका भरतीपुरता. ही हुकली की आळे गावचं स्थळ पक्कं.

"रस्त्यावर पळ की," झुंबरबाई म्हणाल्या.

"आप्पा म्हणतात, टोमॅटोच्या पिकअप गाड्या अंगावर येतात. बिबट्या धरला की जा म्हणतात."

"आन नऊ दिवसांत न्हाई धरला मंग?"

आरती पायातल्या बुटाच्या नाड्या सोडत बसली.

संध्याकाळपर्यंत अकराजणींपैकी दहाजणींचे निरोप आले. घरचे नको म्हणतात. प्रत्येकीचं वाक्य तेच. झुंबरबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. बिबट्याला त्या भीत नव्हत्या असं नाही. पण ज्या घरांना तीन वर्षं बायकोला, सुनेला थांबवायला कारण सापडत नव्हतं, त्यांना आयतं कारण मिळालं होतं. आणि बाईंच्या बोटाला अजून त्या काळ्या डागाचा वास होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रामनाथला गेटवरच गाठलं.

"रामनाथ, गेट कवा उघडतो?"

"साडेपाचला."

"त्याच्या आधी कोन येतं आत?"

"गेटातनं कोन न्हाई. घाटाकडनं येत्यात. दूधवाला येतो. देवळातला पुजारी येतो पानी न्यायला. आन सयाजी मिस्त्री."

"आरतीचा बाप? तो कशापायी?"

रामनाथचा चेहरा मऊ झाला. "पोरीच्या काळजीनं वो. ती पळायला यायच्या आधी ट्रॅकवर एक चक्कर टाकून जातो. हातात काठी, पिशवीत बॅटरी. असा बाप कुटं बघायला मिळतो, आक्का?"

"बरोबर हाय. आन तुला कुनावर संशय?"

रामनाथनं इकडंतिकडं बघितलं. "बिबट्यावर संशय काय घ्यायचा? पन खरं सांगू का, ट्रॅक बंद झाला तर भगवंतशेठला सोन्यासारखं व्हईल. त्याला ह्या जागंवर गाड्या लावायच्यात."

हे जगजाहीर होतं. मागच्या लग्नसराईत ट्रॅकवर गाड्या लावल्या म्हणून झुंबरबाईंनीच भगवंतशेठला चार लोकांत सुनावलं होतं. त्या तशाच लॉन्सकडं वळल्या.

लॉन्सच्या दाराशी चौथऱ्यावर सिमेंटचा बिबट्या उभा होता. दिवाळीतच बसवलेला, पूर्ण आकाराचा, तोंड रस्त्याकडं. लग्नाला आलेलं प्रत्येक पोर त्याच्यावर बसून फोटो काढायचं. रंगाऱ्यानं मिशीचा केस न् केस काढला होता. पंजे तर इतके हुबेहूब की बाई वाकून बघत राहिल्या. चारही पंजांचं लांब बोट त्याच्या उजव्या अंगाला झुकलेलं होतं.

"काय झुंबरआक्का, आता याच्यावर बसून पळणार का?" भगवंतशेठ खुर्चीतूनच म्हणाले.

"शेठ, तुमचा जनरेटर गळतो का?"

"गळतो की. का?"

"ठशाला काळं ऑइल व्हतं. बिबट्याच्या पायाला ऑइल कुठनं आलं?"

भगवंतशेठचं हसू मावळलं. "म्हणजे मी केलं म्हणता? आक्का, डोकं ठिकाणावर आहे का? दारात बिबट्या आला म्हटल्यावर दोन लग्नं माझी गेली. एका नवरीकडच्यांनी हॉल बदलला. ट्रॅकची जागा मला पाहिजे, नाही कुठं म्हणतो? पण स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ का?"

बाईंनी त्यांच्याकडं नीट बघितलं. माणूस लबाड होता, पण आत्ता खरं बोलत होता. लग्नं गेल्याचं दुःख त्याला असं खोटं आणता आलं नसतं.

तिथून त्या सयाजीच्या कारखान्यात गेल्या. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, मागं ऊस. दिवाळीआधी त्या उसात बिबट्या येऊन गेला होता. तुळशी वृंदावनं, खिडक्यांच्या जाळ्या, बंगल्याच्या फाटकावरचे सिंह, हत्ती. सगळं सिमेंटचं आणि सगळं सयाजीच्या हातचं. तालुक्यात असा हात दुसरा नव्हता. तो वृंदावनाच्या साच्याला आतून ब्रश मारत होता. काळं, वापरलेलं ऑइल. गाडीच्या गॅरेजमधून आणलेलं.

"ते कशाला रं?"

"त्याबिगर माल सुटत न्हाई, आक्का. साच्याला चिकटून बसतो. तीस वर्सं झाली, हात आपूआप जातो ब्रशकडं."

एक गिऱ्हाईक वृंदावन न्यायला आलं होतं. त्याला सयाजी सांगत होता, "आमची पोरगी फौजदार व्हनार. बघाच तुमी." गिऱ्हाईक गेलं. सयाजीचा चेहरा दमल्यासारखा झाला.

"मंग पळू दे की तिला," झुंबरबाई म्हणाल्या. "मी ऱ्हाते रस्त्यावर तिच्यासंगं. गाड्या आडवते."

"बिबट्या धरू द्या आक्का. पोरीचा जीव म्होरं, का भरती?"

बाई तशाच वळल्या. बाहेर नळावर आरती भांडी घासत होती. तिच्यापाशी त्या उकिडव्या बसल्या.

"आळ्याचं पावणं कवा आलं व्हतं?"

"पंधरा-सोळा दिवस झाले."

"काय म्हनलं?"

"मला बघितलं, चहा घेतला. जाताना आप्पांना बाजूला घेऊन म्हणाले, नदीवर अर्ध्या चड्डीत पळणं आधी बंद करा, मग पुढचं बोलू. मी आतून ऐकलं. काकाही तेच म्हणाले. आप्पा मात्र मला एका शब्दानं बोलले नाहीत, मावशी. उलट दुसऱ्या दिवशी नवीन बूट आणले." तिनं घासलेलं पातेलं पालथं घातलं. "माझ्या आप्पांसारखे आप्पा नाहीत कुणाचे."

झुंबरबाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी आरतीचा फोन मागून घेतला आणि पाचही फोटो पुन्हा पुन्हा बघितले. मग स्वतःचा डावा हात नळाच्या ओल्या मातीत दाबला. नंतर उजवा. दोन्ही ठशांकडं बघता बघता त्यांना इतकं वाईट वाटलं, की हात धुवायचंही त्या विसरल्या.

तिथूनच त्यांनी वृषालीबाईंना फोन लावला. "मॅडम, उद्या सकाळी सातला ट्रॅकवर या. कुलपाची किल्ली घेऊन या."

"झुंबरबाई, तो पिंजरा मी एका वस्तीवरून काढून आणलाय. तिथं खरोखर वासरू नेलंय बिबट्यानं. माझ्यामागं शंभर कामं आहेत."

"म्हनूनच या म्हनते."

सकाळी सातला शिवनेरीच्या कड्यावर ऊन उतरलं होतं. गेटपाशी वृषालीबाई, रामनाथ, भगवंतशेठ जमले. आरतीला बाईंनी पळायच्या कपड्यांत बोलावलं होतं. सयाजी तिला स्कूटरवर घेऊन आला. पळणाऱ्या दहाजणींपैकी चौघी-पाचजणी कुंपणापलीकडं घुटमळत होत्या.

"मॅडम, तुमाला दर येळी ठसं किती दिसलं?"

"एक. घमेल्याखालचा."

"खरा व्हता?"

"शंभर टक्के खरा."

"त्यो खराच व्हता. एक ठसा बघून कुनाला बी कळलं नसतं. पाची एकत्र बघितलं तवा कळतं." त्यांनी आरतीचा फोन वृषालीबाईंच्या हातात दिला. "आता तुमचा डावा हात पुढं करा. अंगठा दुमडा. चार बोटांत सगळ्यांत लांब कोंचं?"

"मधलं. उजवीकडून दुसरं."

"उजवा हात?"

"डावीकडून दुसरं."

"बिबट्याचं बी तसंच. आता फोटो बघा."

वृषालीबाईंनी एक फोटो बघितला. दुसरा बघितला. पाचव्या फोटोपर्यंत त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"सगळे डावे," त्या म्हणाल्या. "सगळे पुढचे डावे. हे मला दिसायला पाहिजे होतं."

"तुमच्या म्होरं एकच ठेवला व्हता, तुमी काय करनार? एका पायावर लंगडी घालत बिबट्या कुकडीला आला म्हनायचा. बरं, ठसं कट्ट्यापासून हातभर. चिखलात मानसाचा पाय न्हाई. म्हंजी कोनतरी कट्ट्यावर बसून, हात लांबवून, साचा दाबत गेलं. आन ठशाच्या कडंला जळकं ऑइल."

"हे बघा, जनरेटर माझा..." भगवंतशेठ पुढं सरसावले.

"शेठ, तुमचं नाव मी घेतलं का? तुमची दोन लग्नं गेली. पन तुमच्या दारातल्या बिबट्याचं पाय बघितलं का कवा? चारी पाय डावं हायेत त्याचं."

सगळ्यांच्या माना लॉन्सच्या दाराकडं वळल्या. गेटवरून चौथरा स्पष्ट दिसत होता. रामनाथ तर धावत जाऊन बघून आला आणि त्यानं मान डोलावली.

"चार पाय करायचं, आन हातात खऱ्या पंज्याचा साचा एकच," झुंबरबाई हळू बोलल्या. त्यांचा आवाज आता भांडणाचा राहिला नव्हता. "ज्याच्या शेडमागं उसात बिबट्या येऊन गेला, त्यानं चिखलातल्या एका ठशात प्लास्टर वतून घेतलं आसंल. त्यावरनं चार पंजं बांधलं. शेठ, हा बिबट्या कुनी केला?"

भगवंतशेठ स्कूटरकडं वळले. "सयाजीनं."

आरती वळली. तिला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"आप्पा?"

सयाजी खाली बघत होता.

"साच्याला ऑइल लावायची गरज नव्हती चिखलात," झुंबरबाई म्हणाल्या. "पन तीस वर्सांची सवय. हात आपूआप गेला. रोज पहाटं तूच येत व्हता. रामनाथनं तुझी तारीफ केली. पावणं येऊन गेलं आन ठसं सुरू झालं. साचा फेकला न्हाईस तू. तुझ्या हातचं चांगलं काम तुला फेकवत न्हाई."

सयाजीनं स्कूटरची डिकी उघडली. फडक्यात गुंडाळलेला पंजा बाहेर काढला. पांढऱ्या प्लास्टरचा, कडा ऑइलनं काळ्या झालेल्या. तो त्यानं वृषालीबाईंच्या हातात दिला.

"साऱ्या आळीत सांगून बसलो व्हतो, पोरगी फौजदार व्हनार," तो म्हणाला. "पावणं म्हनलं, भाऊ म्हनला, बंद कर. मला बी भ्या वाटाय लागलं. स्थळ गेलं तर? भरतीत न्हाई झालं तर? दोन्हीकडनं पोर ऱ्हायली तर? तिच्या तोंडावर न्हाई म्हनायचा धीर झाला न्हाई. बिबट्या आला म्हनल्यावर कोन काय इचारत न्हाई. कुनाला वाईट बी व्हावं लागत न्हाई."

"म्हंजी न्हाई तू म्हनायचं, आन नाव बिबट्याचं," झुंबरबाई म्हणाल्या. "बाकीच्या दहा घरांत बी तेच झालं. फरक एवढाच, त्यांना साचा बी करावा लागला न्हाई."

कुंपणापलीकडच्या बायकांपैकी एकीनं मान खाली घातली. दुसरीनं मात्र वर केली.

वृषालीबाईंचा राग आता शब्दांत उतरला. "सयाजीराव, त्या वस्तीवरचा पिंजरा मी तुमच्या प्लास्टरसाठी इथं आणला. काल तिथं पुन्हा बिबट्या दिसला. लहान पोरं आहेत तिथं. दहा वाजता कार्यालयात यायचं आणि सगळं लिहून द्यायचं. पुढं काय होईल ते होईल."

"येतो," सयाजी म्हणाला.

आरतीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती ते पुसत नव्हती. ती वडिलांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"बूट आणून दिलेत तुम्ही मला."

"व्हय."

"आणि पहाटे उठून हे केलंत."

"व्हय."

"नाही म्हणायचं होतं ना? आता म्हणा. माझ्याकडं बघून म्हणा."

सयाजीनं वर बघितलं. तो म्हणाला, "नको पळू, आरती."

"ऐकलं, आप्पा," ती म्हणाली. "आता मी पळते."

तिनं खाली वाकून नाड्या आवळल्या. वृषालीबाईंनी कुलूप काढलं. गेट करकरत उघडलं आणि झुंबरबाईंनी फोनवरचं घड्याळ शून्यावर आणलं.

"सुट."

आरती सुटली. लॉन्सच्या कुंपणाला लागून, फलक ओलांडून, शेळीच्या पिंजऱ्याजवळून. घाटापाशी वळताना ती एवढीशी दिसली. परत येताना तिचा श्वास आधी ऐकू आला. चिखलाचा पट्टा चुकवायला कडेनं जागा होती. तिनं तो चुकवला नाही. ती त्यातूनच आली.

"दोन पंचावन्न," झुंबरबाई म्हणाल्या.

आरती गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती. "अजून पाच सेकंद."

"सात दिवस हायेत."

कुंपणापलीकडची ती मान वर केलेली बाई गेटातून आत आली. तिच्यामागून आणखी एक. कुणी कुणाला काही विचारलं नाही. झुंबरबाईंनी ओचा खोचला. सयाजी मात्र कट्ट्याशी जाऊन उभा राहिला होता आणि चिखलाकडं बघत होता. आरतीच्या बुटांचे ताजे ठसे तिथं उमटले होते. एक डावा, एक उजवा, एक डावा, एक उजवा, थेट गेटापर्यंत.